दाराशीं मागितलेला दाखला

दारांतून आंत येणारा मनुष्य कोण आहे, हें विचारण्याची चाल फार जुनी आहे. तो कोणत्या स्थितींत आहे, हें विचारण्याची चाल त्या मानानें नवी असून तिची नीतिदृष्ट्या व्हावी तितकी चिकित्सा झालेली नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा एक अधिकारी सांगितला आहे. त्यानें एक माषक घेऊन मुद्रा द्यावी, मुद्रा असेल त्यासच जनपदांत शिरूं द्यावें वा जनपदांतून बाहेर पडूं द्यावें, मुद्रेवांचून सांपडेल त्या जानपदास बारा पण दंड करावा आणि खोटी मुद्रा बाळगणारास त्याहून कडक शिक्षा व्हावी, अशी ती व्यवस्था. हा सगळा ओळखीचा व्यवहार झाला. मुद्रा घेऊन आलेला इसम तापानें फणफणला आहे कीं काय, याची चौकशी मुद्राध्यक्ष करीत नाहीं. पनवेलपासून न्हावाशेव्यापर्यंत पसरलेल्या वाहतुकीच्या कचेऱ्या, कंटेनरांचीं यार्डें, बँकांच्या शाखा आणि महाविद्यालयें यांपैकीं अनेक ठिकाणीं आज जो एक नवा द्वारपाल बसविलेला असतो, तो मात्र दोन्ही प्रश्न विचारतो. आणि पहिल्या प्रश्नाचें उत्तर बरोबर आलें तरी दुसऱ्याचें उत्तर चुकल्यास दार उघडीत नाहीं.

हा द्वारपाल हाडामांसाचा नाहीं. संगणकांच्या जाळ्याच्या, म्हणजे ज्यास सर्वजण नेटवर्क म्हणतात त्याच्या, तोंडाशीं तो बसतो. त्याच्या कामाची रीत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे. ८०२.१एक्स या नांवाचें जें प्रमाणक २००१ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत तीन पात्रें कल्पिलीं आहेत. लॅपटॉप वायरनें वा वायफायनें जाळ्यास जोडूं पाहतो, त्यास ‘सप्लिकंट’ म्हणतात. या शब्दाचा सरळ अर्थ याचक. ज्या स्विचला तो जोडला जातो तो दार धरून उभा असतो, पण स्वतः कांहींच ठरवीत नाहीं. निवाडा करणारा तिसरा. तो आंतल्या खोलींतील सर्व्हर. त्याचा निकाल येईपर्यंत याचकाच्या विनंतीखेरीज दुसरें एक अक्षरही दारांतून आंत जात नाहीं. यंत्रास याचक म्हणणाऱ्यानें तो शब्द मुद्दाम योजला कीं सहज, कोण जाणे; परंतु नीतीच्या दृष्टीनें तो चपखल आहे.

येथवर ओळखीचा प्रश्न झाला. प्रकृतीचा प्रश्न मायक्रोसॉफ्टनें २००८ च्या आपल्या सर्व्हरांत ठळकपणें आणला. आंत येऊं इच्छिणाऱ्या यंत्रानें आपल्या आरोग्याचें निवेदन करावें: फायरवॉल चालू आहे काय, अँटीव्हायरस आहे काय आणि तो ताजा आहे काय, सुरक्षेचे अपडेट चढविले आहेत काय. सर्व्हरानें हें निवेदन आपल्या यादीशीं ताडावें, आणि कांहीं उणें आढळल्यास त्या यंत्रास एका वेगळ्या कप्प्यांत ठेवावें. तेथून त्यास बाकीचें जाळें दिसत नाहीं. दिसतो तो केवळ दुरुस्तीचा सर्व्हर, जेथून राहिलेले अपडेट घेतां येतात. ते घेतले कीं पुन्हां निवेदन, पुन्हां निवाडा. ती विशिष्ट रचना मायक्रोसॉफ्टनें २०१६ च्या सर्व्हरांतून काढून टाकली. परंतु तिच्यांतील कल्पना मात्र फोफावली आहे. आतां ती लॅपटॉपाबरोबर फोनासही लागू होते. फोनास कुलूप आहे काय, तो ‘रूट’ केलेला आहे काय, त्याची प्रणाली किती जुनी आहे, असे प्रश्न कचेरीचें टपाल उघडण्यापूर्वीं विचारले जातात. पास झालेल्या यंत्रास ‘कॉम्प्लायंट’ म्हणतात, न झालेल्यास ‘नॉन-कॉम्प्लायंट’. सरकारी मराठींत याला अनुपालन असा शब्द आहे. पण तो कचेरींत कोणाच्या तोंडीं ऐकूं येत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. ज्यानें कांहीं अपराध केलेला नाहीं, त्यास केवळ तो अमुक स्थितींत आहे म्हणून अडविणें न्याय्य आहे काय? अपराधाबद्दल शिक्षा होते तेव्हां तिला कृतीचा आधार असतो. येथें कृति कोणतीच नाहीं. आहे ती शक्यता, आणि तीही त्याच्या स्वतःच्या हातून कांहीं घडण्याची नव्हे, तर त्याच्यावर स्वार होऊन येणाऱ्या दुसऱ्याच कोणाच्या हातून घडण्याची.

हा प्रश्न यंत्रांपुरताच आहे असें वाटत असेल त्यानें पनवेल स्थानकाचें २०२१ सालचें दृश्य आठवावें. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकल गाड्या सामान्य प्रवाशांस पुन्हां खुल्या झाल्या, पण त्या लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांनाच. हार्बर मार्गाचें पनवेल हें शेवटचें स्थानक. येथून रोज मुंबईस पोटापाण्यासाठीं जाणारा वर्ग फार मोठा. त्याला दाराशीं जें विचारलें गेलें तें नांवगांव नव्हतें, तिकिटाचे पैसेही नव्हते. विचारली गेली ती प्रकृति. सांथीच्या दिवसांत हें विचारणें चूक होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या वेळचा हिशेब मांडून पाहावा. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्यें ८४ दिवसांचें अंतर पाळावें लागत होतें. अठरा वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली ती १ मे रोजीं, आणि तीही तुटवड्याच्या दिवसांत. जूनच्या मध्यास पहिली मात्रा मिळालेल्या तरुणास सप्टेंबर उजाडल्याशिवाय दुसरी मिळणें शक्यच नव्हतें. त्यावर आणखी चौदा दिवस. म्हणजे ज्यानें सरकारचा प्रत्येक नियम पाळला, त्यालाच सरकारच्या नियमानें फलाटाबाहेर उभें केलें. या निर्बंधाविरुद्ध पुढें मुंबई उच्च न्यायालयांत दादही मागण्यांत आली. येथें अटकाव चुकीचा नव्हता; अटकावांतून सुटण्याची वाट अडविलेल्याच्या हातांत नव्हती, हा दोष होता.

याहून जुनें आणि अधिक कडू उदाहरण १८९७ चें आहे. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला, ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्यांत रँडसाहेबाच्या अमलाखालीं गोऱ्या शिपायांनीं घरें तपासण्यास प्रारंभ केला. रोगी वेगळा ठेवावा ही कल्पना पुण्याच्या शहाण्या लोकांस अमान्य नव्हती; टिळकांनीं स्वतः प्लेगाच्या रुग्णालयासाठीं खटपट केली होती. लोक चिडले ते पद्धतीवर. काय पाहिलें जात आहे, कशावरून ठरविलें जात आहे, नेलेला मनुष्य कधीं परत येणार, जाळलेल्या सामानाची भरपाई कोण देणार, यांपैकीं कशाचेंच उत्तर त्यांना मिळेना. २२ जून रोजीं रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. तपासणारा मुका असला कीं तपासणी जुलूम वाटूं लागते, हें त्या वर्षानें दाखविलें. तपासणीमागील वैद्यकी खरी होती म्हणून जुलूम हलका झाला नाहीं.

तेव्हां आमच्या मतें भेद येथें करावयास हवा. विलगीकरण आणि बहिष्कार या दोन गोष्टी दाराबाहेर उभ्या असलेल्या मनुष्यास पहिल्या दिवशीं सारख्याच दिसतात. दोहोंत दार बंदच असतें. फरक कळतो तो पुढें. विलगीकरण स्थितीवर असतें, आणि स्थिति बदलली कीं तें संपतें. बहिष्कार स्थितीचें नांव घेऊन व्यक्तीवर असतो, म्हणून त्याला शेवट नसतो. आपल्या समाजास हा फरक पुस्तकांतून शिकण्याची गरज नाहीं. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्यांत महाड आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला, आणि महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें असल्याचा ठराव १९२४ सालीं केला. कागदावर प्रवेश होता. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांस हजारों माणसें घेऊन त्या तळ्यावर जावें लागलें, आणि पाणी प्याल्याबद्दल त्या माणसांना मार खावा लागला. त्यानंतर तळें ‘शुद्ध’ करून घेण्यांत आलें तें वेगळेंच. शुद्धि-अशुद्धीची भाषा तेथें आरोग्याची असल्यासारखी वापरली जात होती. पण ज्या अशुद्धीस कोणतेंच स्नान, कोणतेंच औषध, कोणतीच मुदत लागू नाहीं, ती अशुद्धि आरोग्याची नव्हेच. यंत्रांचा विषय काढून आम्ही त्या दुःखाची तुलना लॅपटॉपाशीं करीत आहों असें कोणी समजूं नये. यंत्राला अपमान होत नाहीं. परंतु प्रत्येक यंत्रामागें एक मनुष्य बसलेला असतो, आणि यादी करणारानें स्वतःस विचारावयाचा प्रश्न तोच आहे: मीं अडविलेल्यास येथून बाहेर पडण्याची वाट आहे काय, आणि ती त्याच्या खिशाला व पायांना झेपणारी आहे काय?

हा प्रश्न हवेंतला नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा आधार काढून घेतला; थोड्या मुदतीची सवलत सोडली तर त्या प्रणालीस सुरक्षेचे अपडेट मिळणें त्या दिवसापासून थांबलें. विंडोज ११ वर जावें तर तिला टीपीएम २.० नांवाची चिप आणि बऱ्यापैकीं नवा प्रोसेसर लागतो. १३ तारखेस जो संगणक निरोगी होता तो १५ तारखेसही तोच होता. त्यांतील एक अक्षर बदललें नव्हतें. पण यादीच्या दृष्टीनें तो रोगी झाला. एखाद्या बँकेच्या वा बंदराच्या प्रवेशयादींत ‘ज्या प्रणालीस अपडेट मिळत नाहींत तिला प्रवेश नाहीं’ असें एक वाक्य असतें, आणि तें योग्यही असतें. कळंबोलीच्या लोखंडबाजारांत दोन खुर्च्यांची कचेरी थाटून बसलेल्या एखाद्या वाहतूकदाराला त्या वाक्याचा अर्थ एवढाच, कीं नवा संगणक घ्यावा नाहीं तर धंदा बंद ठेवावा. त्याची चूक कोणती? हयगय केली असती तर अपडेट न घेतल्याचा ठपका त्यावर ठेवतां आला असता. त्यानें सर्व अपडेट घेतले. देणारानेंच देणें थांबविलें. अशा वेळीं जुन्या यंत्रास आंत घ्या असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण धोका खरा आहे, आणि दयेनें तो कमी होत नाहीं. परंतु धोका टाळण्याचा सर्व खर्च सर्वांत गरीब याचकावर टाकणें यास सुरक्षा म्हणावें कीं सोय? जिचा लाभ आंतल्या सर्वांस होतो त्या सावधगिरीचा खर्च आंतल्या सर्वांनीं वाटून घ्यावा, हें साध्या न्यायाचें आहे. मोठ्या संस्थेनें आपल्या छोट्या व्यवहारियांसाठीं काउंटरवर एक संगणक ठेवला, किंवा जुन्या यंत्रास एकाच खिडकीपुरतें काम करूं देणारा कप्पा केला, तर तिचें कांहीं मोठें नुकसान होत नाहीं.

खाजगी फोनाचा मुद्दाही यांतच येतो, पण त्यावर फार बोलण्याचें कारण नाहीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि तो सरकारविरुद्ध असला तरी त्यांतील तत्त्व मालकांस ऐकूं न येण्यासारखें नाहीं. नोकराच्या स्वतःच्या फोनास कुलूप आहे कीं नाहीं, हें कचेरीनें पाहावें. त्या फोनांत काय आहे तें पाहूं नये. दोहोंमधील रेघ तांत्रिकदृष्ट्या आंखतां येते. ती आंखली जात नसेल तर इच्छा नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

येथवर अडविलेल्याच्या बाजूनें पाहिलें. पण या व्यवस्थेचा दुसरा, आणि आमच्या मतें अधिक सूक्ष्म, दोष आंत घेतलेल्याच्या बाजूस आहे. परीक्षेंत उत्तीर्ण झालेला विश्वासास पात्र झाला, अशी समजूत ती हळूंहळूं उत्पन्न करते. ही समजूत किती महाग पडते याचा दाखला पनवेलच्या दाराशींच आहे. पनवेलच्या पश्चिमेस उरण तालुक्यांत, पनवेल-जसई मार्गानें मालगाड्या जेथें जातात, तेथें १९८९ सालीं सुरू झालेलें जवाहरलाल नेहरू बंदर आहे. त्या बंदरांतील एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडे होतें. २७ जून २०१७ रोजीं त्या टर्मिनलाचे संगणक बंद पडले. कोणता कंटेनर कोठें आहे, कोणता ट्रेलर कोणता डबा घेऊन बाहेर पडणार, याची सारी माहिती ज्या पडद्यांवर असे ते काळे झाले, आणि जेवढें जमेल तेवढें काम हातानें करण्याची पाळी आली. नॉटपेट्या नांवाचें तें संकट त्या एका दिवसांत जगभर पसरलें.

तें आलें कोठून? युक्रेनमध्यें करभरण्यासाठीं वापरला जाणारा एम.ई.डॉक नांवाचा एक हिशेबाचा प्रोग्राम होता. त्याच्या कंपनीच्या सर्व्हरांत शिरून कोणीं तरी त्याच्या अपडेटांतच विष कालविलें. मर्स्कच्या ओडेसा येथील कचेरींत तो प्रोग्राम एका संगणकावर होता. या गोष्टींतील उपरोध वाचकांच्या ध्यानांत आलाच असेल. द्वारपालाच्या यादींत प्रथम जो प्रश्न असतो, ‘अपडेट घेतले आहेत काय?’, त्याचें प्रामाणिक होकारार्थी उत्तर हेंच येथें विषाचें वाहन झालें. पुढें आणखी असें, कीं ज्या छिद्रांतून तें एका यंत्रांतून दुसऱ्यांत शिरत होतें, तें बुजविणारें अपडेट मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्येंच दिलें होतें. ज्यांनीं तें घेतलें होतें तीं यंत्रें तरी वांचावयास हवीं होतीं. पण तीही पडलीं, कारण शेजारच्या एका आजारी यंत्राच्या स्मरणांतून अधिकाऱ्यांचे पासवर्ड उचलून तें विष निरोगी यंत्रांत हक्कानें, ओळख दाखवून, शिरत होतें. आरोग्याचा दाखला खरा होता, ओळखही खरी होती. आणि तरी आंत आलेला शत्रु होता. मर्स्कला पुढील दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले, असें तिच्या अध्यक्षांनीं जानेवारी २०१८ मध्यें दावोस येथें सांगितलें. सर्व यंत्रांच्या ओळखीची जी मूळ नोंदवही, तिच्या जगभरच्या प्रतींपैकीं एकच वांचली. ती घाना देशांत होती, आणि वांचली ती तेथील वीज त्या वेळीं गेलेली होती म्हणून. भारनियमनास शिव्या देण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं त्या महाराष्ट्रीय वाचकांस ही गोष्ट गंमतीची वाटेल. पण तींत कोणत्याही यादीचें श्रेय नाहीं.

यावरून तपासणी व्यर्थ आहे असें अनुमान काढणें उतावळेपणाचें होईल. दाखला काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, एवढें नीट समजून घ्यावें. तो सांगतो, कीं या घटकेस, या यादीप्रमाणें, या यंत्रांत उणीव दिसली नाहीं. यादींत नसलेल्या रोगाविषयीं तो कांहीं बोलत नाहीं, पुढच्या घटकेविषयीं नाहीं, आणि हेतूविषयीं तर नाहींच. २००८ च्या त्या रचनेविषयीं मायक्रोसॉफ्टनें स्वतःच बजावलें होतें, कीं ही व्यवस्था दुष्ट हेतूनें येणाऱ्यापासून रक्षण करण्यासाठीं नाहीं; सज्जन पण निष्काळजी यंत्रांची प्रकृति सांभाळण्यासाठीं आहे. निवेदन यंत्र स्वतःच करतें. खोटें बोलण्याचें ज्यानें ठरविलें तो खोटें निवेदन करील. औषधाच्या बाटलीवर असावी तशी ही सूचना होती. बाटली घेणारांपैकीं किती जणांनीं ती वाचली असेल याविषयीं आम्हांस शंका आहे.

जुन्या गडकऱ्यांस हें कळत होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडास एकच दरवाजा असणें हा दोष मानला आहे. दोन-तीन दरवाजे असावे, चोरदिंड्या असाव्या, आणि गरजेपुरत्या उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्या, असा सल्ला आहे. ज्यानें सारी भिस्त एका दरवाजावर ठेवली त्याचा गड तो दरवाजा पडला कीं संपला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर कोणीं तरी कुलूपबंद केले, आणि कित्येक दिवस त्या थोर रुग्णालयांत केसपेपर हातानें लिहावे लागले. पांच सर्व्हर आणि सुमारें १.३ टेराबाईट माहिती त्यांत अडकली. जाळ्याची आंतील विभागणी योग्य नव्हती, असें कारण सरकारनें नंतर संसदेंत दिलें. म्हणजे आंत एकच मोठें पटांगण होतें. दरवाजावरील परीक्षेवर जितका अधिक विश्वास, तितकी आंतल्या भिंती बांधण्याची आच कमी, असा मनुष्यस्वभाव आहे. आणि हा दोष यंत्राचा नव्हे, परीक्षेस विश्वासाचा पर्याय समजणाऱ्या धन्याचा आहे.

धनी हा शब्द आम्ही जाणून वापरला. भागवताच्या तिसऱ्या स्कंधांत जयविजयांची कथा आहे. सनकादिक चार ऋषि वैकुंठाचे सहा दरवाजे ओलांडून सातव्याशीं आले. ते दिसावयास पांच वर्षांचीं नागडीं पोरें. जयविजयांनीं वेत आडवे घातले. आपल्याकडे ही कथा शापासाठीं सांगतात. जय आणि विजय यांना तीन जन्म घ्यावे लागले वगैरे. पण तींतील महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. विष्णु स्वतः चालत बाहेर आला, आणि सेवकांनीं केलेला अपराध हा माझाच अपराध आहे असें त्यानें ऋषींस सांगितलें. द्वारपालांनीं त्यांच्या यादीप्रमाणें काम केलें होतें. यादी अपुरी होती. कचेरींत आज याच्या उलट चाललेलें दिसतें. ‘सिस्टिम घेत नाहीं’ हें वाक्य खिडकीमागून आलें, कीं खिडकीपुढील मनुष्यानें कोणाशीं बोलावें हेंच कळेनासें होतें. सिस्टिम कांहीं घेत नाहीं आणि कांहीं नाकारीतही नाहीं. कोणीं तरी एका दुपारीं एक चौकट टिचकी मारून बंद केलेली असते. त्या कोणाचें तरी नांव संस्थेंत कोणास तरी ठाऊक असलें पाहिजे. द्वारपाल स्वतः कोसळला तर काय होतें हेंही आपण पाहिलें आहे: १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या रक्षक कंपनीच्या एका सदोष अपडेटानें जगांतील सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या यंत्रांचा दोष इतकाच, कीं त्यांनीं रक्षक ठेवला होता.

राहतां राहिला अपवादाचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. सांज झाली, दरवाजे बंद झाले, तान्हें मूल खालीं घरीं, गडकरी दार उघडीना. तेव्हां ती गवळण कडा उतरून गेली. महाराजांनीं तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. या गोष्टींत दरवाजावरील पहारेकऱ्याचा दोष कोणी काढीत नाहीं, आणि योग्यच आहे. एकीसाठीं दार उघडलें तर उद्यां ‘मूल घरीं आहे’ म्हणणारे दहा हेर येतील. जेथून उतरतां येतें तेथून चढतांही येतें, हें ओळखून बुरूज बांधणें हेंही शहाणपणाचें. परंतु एक प्रश्न आमच्या मनांत नेहमीं राहिला आहे. बुरूज बांधल्यावर, पुढच्या वर्षीं, दुसऱ्या एखाद्या लेकुरवाळीस उशीर झाला असता तर तिनें काय करावयाचें? कडा आतां बंद, आणि दार तर बंदच. आख्यायिका येथें गप्प आहे. खऱ्या गरजेसाठीं पहाऱ्यासमोरची, नोंद होणारी एक दिंडी ठेवल्यावांचून नुसते कडे चिणीत जाणें म्हणजे अडचणींतील मनुष्यास अधिक अवघड कडा शोधावयास लावणें होय. ज्या कचेऱ्यांत कॉम्प्लायन्सच्या जाचानें लोक कामाचे कागद खाजगी व्हॉट्सॲपवरून पाठवूं लागतात, तेथें नेमकें हेंच झालेलें असतें.

उलट अंगाचे अपवादही असतात, आणि ते दिंडीसारखे उजेडांत नसतात. प्रिंटर आणि कॅमेरे हीं मुकीं यंत्रें. त्यांना निवेदन करतां येत नाहीं, म्हणून त्यांचा केवळ पत्ता पाहून त्यांस आंत घेतात, आणि तो पत्ता दुसऱ्या कोणासही लावून घेतां येतो. यांस निरुपाय म्हणतां येईल, मात्र अशांस वेगळ्या कप्प्यांत ठेवावें. वरिष्ठांच्या लॅपटॉपास तपासणींतून दिलेली सूट ही मात्र निरुपायाची नसते. ती मानाची असते. प्रिंटराची सूट चोरापुरती उपयोगी, वरिष्ठाची सूट चोरास आणि चहाडखोरास दोघांसही उपयोगी. कारण ती पाहून खालचा प्रत्येक जण समजतो, कीं ही यादी सुरक्षेची नसून दर्जाची आहे.

निवाडा करणारा सर्व्हरच बंद पडला तर दार उघडें राहावें कीं मिटावें, हाही याच जातीचा प्रश्न. बँकेच्या तिजोरीकडील दार मिटावें. रुग्णालयांत अतिदक्षता विभागाकडील दार उघडें राहावें, मग धोका कांहींही असो. हें आधींच ठरविलेलें नसेल तर तें ठरविणारा अखेर कारखान्यांतून आलेला मूळ बटणाचा कल असतो, आणि त्या कारखान्यास आपल्या गांवचा रुग्ण ठाऊक नसतो.

मायक्रोसॉफ्टच्या त्या जुन्या रचनेंत एक गोष्ट मात्र घेण्यासारखी होती. अंमलाच्या तीन अवस्था तींत ठेवलेल्या होत्या. पहिलींत नुसती नोंद: कोण यादींत बसतो, कोण नाहीं, हें पाहावयाचें आणि कोणास अडवावयाचें नाहीं. दुसरींत मुदत: आज आंत या, अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा. तिसरींत पूर्ण अटकाव. पहिल्या अवस्थेंत यादीची परीक्षा होते, याचकाची नव्हे. किती प्रामाणिक लोक तींतून गळतात हें यादी करणारास तेथेंच दिसतें, आणि दिसलेलें त्यास दुरुस्त करावयास सवड असते. घाईच्या संस्था एकदम तिसरीवर उडी मारतात. पनवेल परिसरांत ज्या कोणाकडे असा द्वारपाल बसविण्याचें काम असेल, त्यानें पहिल्या अवस्थेंत निदान एक पगारदिन आणि एक महिनाअखेर जाऊं द्यावी, म्हणजे गर्दीच्या दिवशींचे खरे याचक नोंदींत येतील. आणि तिसरी अवस्था सुरू करण्यापूर्वीं अडविलेल्या यंत्राच्या पडद्यावर जो मजकूर येतो तो स्वतः एकदां वाचून पाहावा. बहुधा तेथें इंग्रजींत एक ओळ आणि एक आंकडा असतो. त्याच्या जागीं कोणती गोष्ट उणी पडली, ती कशी भरून काढावी आणि न जमल्यास कोणत्या खोलींत कोणास भेटावें, इतकें मराठींत लिहावयास अर्धा तासही लागत नाहीं.